शंख : देवघरातला आणि सागरतळावरचा

देवघरात पूजेला ठेवला जाणारा पांढरा शंख म्हणजे एका सागरी गोगलगायीचे कवच होय. 'टर्बिनेला पायरम' हे या मृदुकाय प्राण्याचे शास्त्रीय नाव असून लिनीअस यांनी १७६७ मध्ये त्याचे वर्णन केले. ही जाती मुख्यतः भारत व श्रीलंकेच्या किनाऱ्यांलगत आढळते. मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी, केरळचा दक्षिण किनारा आणि कच्छचे आखात ही तिची भारतातील प्रमुख वसतिस्थाने आहेत.

साधारणतः १० ते २० मीटर खोलीवरील वाळूत शंख अर्धवट रुतून राहतो. वाळूत नळ्या करून राहणारे वलयी कृमी हे त्याचे मुख्य अन्न. जिवंत शंख शुभ्र दिसत नाही; त्यावर तपकिरी रंगाची जाड साल असते. ती काढल्यावर आतील पांढरे कवच दिसते. शेंडा कापला की शंख वाजविता येतो. कच्छच्या आखाताजवळील नागेश्वर येथे हडप्पाकालीन शंखकामाचे केंद्र सापडले आहे. बंगालमधील विवाहित हिंदू स्त्रियांच्या पांढऱ्या बांगड्याही याच शंखाच्या असतात.

उलट्या वेढ्यांचा, म्हणजे दक्षिणावर्ती, शंख अतिशय दुर्मीळ आहे. त्या नावाने पुष्कळदा अमेरिकेच्या किनाऱ्यावरील 'लायटनिंग व्हेल्क' या वेगळ्याच गोगलगायीचे कवच विकले जाते. तिचे वेढे स्वभावतःच उलटे असतात. खऱ्या शंखाच्या मुखाच्या आत मधल्या स्तंभावर तीन-चार ठळक वळ्या दिसतात, व्हेल्कमध्ये त्या नसतात.

शंखाची मादी मेंढ्याच्या शिंगासारखी पिळदार, अनेक कप्प्यांची अंडकोशिका घालते. तिचे एक टोक वाळूत रोवलेले असते. पिले कप्प्यांतच वाढतात आणि सरपटतच बाहेर पडतात. इतर अनेक सागरी गोगलगायींप्रमाणे प्रवाहाबरोबर दूरवर तरंगत जाणारी अळीची अवस्था यांच्यात नसते. म्हणूनच एखाद्या पट्ट्यातील शंख संपले, तर दुसरीकडून येऊन ती उणीव भरून निघणे कठीण असते.

५७ मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाचे शंख समुद्रात परत सोडावेत, हा तमिळनाडूतील जुना दंडक यासाठीच महत्त्वाचा ठरतो. पाणबुड्याला शंख निवडून घेता येतो. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यात मात्र लहानमोठे सारेच सापडतात.