तार, लाख आणि मोन्झाचे वळण

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील शर्यतमार्गावर आयुष्यात प्रथमच मोटारसायकल घेऊन उतरणाऱ्या तरुणाला आधी एका रांगेत उभे राहावे लागते. तपासनीस वाकून इंजिनाखाली पाहतो, ब्रेक पॅड किती उरले आहेत ते बघतो, टायरवरून हात फिरवतो, हेल्मेटचा पट्टा ओढतो. आरसे उतरवलेले असावेत, दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी असावी, रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधे पाणी असावे, अशा सूचना अशा दिवसांसाठी सहसा आधीच दिलेल्या असतात. पुण्या-मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेल्या नवख्याला हा सारा प्रकार कचेरीतील सोपस्कारासारखा वाटतो. मात्र या यादीतील बऱ्याच कलमांमागे एखादा अपघात आहे, आणि काहींमागे मृत्यू. हा धागा त्यांतील काही कलमांच्या इतिहासाचा.

आरंभ डोक्यापासून करणे योग्य. १९०७ साली इंग्लंडमधील सरे परगण्यात ब्रूकलँड्स हा पावणेतीन मैलांचा काँक्रीटचा शर्यतमार्ग सुरू झाला. त्याच वर्षी आयल ऑफ मॅन बेटावर ‘टूरिस्ट ट्रॉफी’ ही मोटारसायकलींची शर्यत प्रथम धावली. स्वार लोकरी स्वेटर, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि डोक्यावर साधी टोपी घालून उतरत. १९११ मध्ये ही शर्यत बेटावरील डोंगराळ मार्गावर नेण्यात आली. त्या वर्षीच्या सरावातच व्हिक्टर सरिज हा तरुण स्वार ठार झाला.

ब्रूकलँड्सवर एरिक गार्डनर नावाचे डॉक्टर होते. डोक्याला मार लागलेले स्वार त्यांच्याकडे वारंवार येत. त्यांनी जाड कापडावर लाखेचे थर देऊन एक कडक टोपी तयार करवली. शर्यतींचे नियमन करणारी संघटना प्रथम राजी नव्हती. डॉक्टरांनी पिच्छा सोडला नाही, आणि १९१४ च्या टूरिस्ट ट्रॉफीत ही टोपी सक्तीची झाली. त्या काळी जगाला लाख पुरवणारा मुख्य देश हिंदुस्थान होता. लाक्षागृहाच्या कथेत घर पेटवणारी लाख इकडे डोकी राखण्याच्या कामी आली, हा योगायोग नोंदवण्याजोगा.

शर्यतमार्गाबाहेर मात्र ही टोपी कोणी मनावर घेतली नाही. त्यासाठी एका विख्यात माणसाला मरावे लागले. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जग ज्याला ओळखते तो टी. ई. लॉरेन्स पहिल्या महायुद्धानंतर नाव बदलून हवाई दलात साध्या हुद्द्यावर भरती झाला होता. १९२७ मध्ये तो कराचीच्या तळावर होता. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत असे. ब्रो सुपीरियर या महागड्या मोटारसायकलींचे त्याला विलक्षण वेड. अशा सात गाड्या त्याने वापरल्या आणि आठवी बनत होती. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमधील आपल्या घराजवळ सायकलवरील दोन मुलांना चुकवताना तो रस्त्यावर फेकला गेला. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवसांनी, १९ मे रोजी, त्याचा मृत्यू झाला.

त्याला तपासायला आलेल्या वैद्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यचिकित्सक होते. त्यांनी हा विषय सोडला नाही. १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी आकडे मांडले: युद्धापूर्वीच्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये १,८८४ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे दगावले होते, तर युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९; तेही पेट्रोलची टंचाई असताना. हेल्मेट घातलेले अवघे सात जखमी त्यांना अभ्यासाला मिळाले. सातही जगले होते. सातांवरून सिद्धान्त उभा राहत नाही, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? तरीही त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. ब्रिटनच्या नागरिकांना कायदा लागू झाला तो १९७३ मध्ये, म्हणजे गार्डनर यांच्या टोपीनंतर जवळजवळ साठ वर्षांनी.

अंगभर चामडी सूटची कथा वेगळी, थोडी गमतीची. जेफ ड्यूक या ब्रिटिश स्वाराने १९५० मध्ये सेंट हेलेन्स या आपल्या गावच्या शिंप्याकडून जॅकेट आणि विजार एकसंध असलेला, अंगाला घट्ट बसणारा सूट शिवून घेतला. उद्देश होता वाऱ्याचा अडथळा कमी करण्याचा. संरक्षणाचा विचार दुय्यम. सूट मात्र रूढ झाला, आणि कमरेशी जॅकेट वर सरकून पाठ सोलवटण्याचा धोकाही त्यामुळे टळला. पाठीच्या कण्यावरचे कडक, खवल्याखवल्यांचे कवच त्यात आले ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस, इटलीतील दाइनेझे या कंपनीकडून. त्याची कल्पना शेवंड्याच्या पाठीवरून सुचली होती.

आता इंजिनाखालची तार. २० मे १९७३, इटलीतील मोन्झा. ३५० सीसीच्या शर्यतीत अखेरच्या फेऱ्यांत वॉल्टर व्हिला याच्या बेनेली गाडीतून तेल गळत होते. मार्ग नीट साफ न करताच २५० सीसीची शर्यत सोडण्यात आली. पहिल्याच फेरीत, ‘कुर्वा ग्रांदे’ या वेगवान वळणावर, रेन्झो पासोलिनी घसरला. वळणाच्या कडेला गाडी थोपवणारा पोलादी कठडा होता. मोटारीच्या चालकाला तो आधार. मोटारसायकलस्वाराला ती भिंतच. कठड्यावर आदळलेली गाडी उलटून मार्गावर आली आणि मागून येणाऱ्या यार्नो सारिनेनला लागली. दहाहून अधिक स्वार पडले. पासोलिनी आणि सारिनेन जागीच गेले. सारिनेन २७ वर्षांचा, फिनलंडचा, शिक्षणाने अभियंता आणि २५० सीसीचा विद्यमान जगज्जेता होता. पुढे चौकशीत पासोलिनीच्या गाडीचे इंजिन सीझ झाल्याचे कारण देण्यात आले. सांडलेल्या तेलाकडे बोट दाखवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. वाद काहीही असो, सात आठवड्यांनी त्याच वळणावर आणखी तीन स्वार मेले, तेव्हा त्या कठड्याच्या बाजूने बोलणे कोणालाही कठीण होते.

मार्गावर सांडलेले तेल सांडणाऱ्यापेक्षा मागून येणाऱ्याला मारते. म्हणून तेल सोडायच्या बोल्टच्या डोक्याला भोक पाडून त्यातून बारीक पोलादी तार ओवतात आणि ती इंजिनाच्या पक्क्या भागाशी पिळून बांधतात. युक्ती विमानांच्या इंजिनांतली. तारेचा ताण बोल्ट आवळण्याच्या दिशेने हवा. उलट दिशेने बांधलेली तार केवळ दागिना ठरते, आणि जाणता तपासनीस ती नेमकी ओळखतो. कूलंटची मनाई याच जातीची, कारण त्यातील रसायन रस्त्यावर निसरडा थर ठेवते. पाणी वाळून जाते.

भारतात या शिस्तीला घर मिळायला वेळ लागला. १९५३ मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला, आणि पुढे कित्येक वर्षे दक्षिणेतील शर्यती शोलावरम येथे, दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या धावपट्टीवर होत राहिल्या. धावपट्टी विमानांसाठी आखलेली असते. पडलेल्या स्वाराने कुठे घसरत जावे, याचा विचार तिच्यात नसतो. इरुंगट्टुकोट्टईचा मार्ग १९९० मध्ये सुरू झाला. शर्यतीसाठीच बांधलेला, सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा.

तिथे प्रथमच जाणाऱ्याने सूट आणि हेल्मेट एक वेळ भाड्याने मिळवता येते, पण तारेचे काम घरूनच करून न्यावे लागते. बोल्टचे पोलाद कठीण असते, बारीक ड्रिल त्यात हमखास तुटते, आणि तिरके गेलेले भोक म्हणजे नवा बोल्ट. अनुभवी मेकॅनिक हे काम आदल्या रात्रीवर ठेवत नाहीत.