नाकाचा साचा

कोल्हापूरच्या कुंभार गल्लीत गणपतीचे साचे पाहताना हमखास आठवतो तो पुण्याजवळचा एक विटा घडवणारा. टिपूच्या कैदेत कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचे नाक आणि एक हात कापला गेला होता. वर्षभराने या कारागिराने मेणाचे नाक घडवले, ते सपाट करून कपाळावर ठेवले, भोवती रेघ आखली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. भुवयांमधला देठ मात्र राखला. नव्या नाकाला रक्त तेथूनच मिळायचे. सुमारे २५ दिवसांनी तो तोडला. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिगत चित्रासह छापली, तिच्यावरून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली. कारागिराचे नाव तेवढे छापले गेले नाही. (हे आपले जुनेच दुखणे.)

१९८४ साली चार्ल्स हल यांनी थरावर थर चढवून वस्तू ‘छापण्या’च्या पेटंटसाठी अर्ज केला. आज टायटॅनियमचे जबडे, कवटीचे तुकडे रुग्णाच्या मापाने छापले जातात. जिवंत पेशींचे मूत्रपिंड मात्र अडले आहे ते त्या देठापाशीच: जाड ऊतीच्या गाभ्यापर्यंत रक्त पोहोचवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांचे जाळे छापणे अजून पुरते साधलेले नाही.