किल्लारीची ख्याती



३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, दशलक्षण पर्वाचा शेवटचा उपवास. पहाटे चारच्या सुमारास आमच्या सोलापुरात मांडणीवरची भांडी वाजली. पुढे पारण्याची तयारी करताना रेडिओवर किल्लारीचे नाव पहिल्यांदा कानावर पडले.

लातूर-उस्मानाबादकडच्या त्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचे ओझे. गणपती बोळवून दमून झोपलेली माणसे त्याखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार जीव गेले. आम्हीही मंदिरातून कपड्यांची गाठोडी पाठवली. त्यात कुणी विटक्या साड्याही कोंबल्या होत्या, ते लपवत नाही.

पुण्याच्या शांतिलाल मुथ्था यांनी भारतीय जैन संघटनेतर्फे १२०० भूकंपग्रस्त मुले शिकायला पुण्याला नेली. आपल्यात या कामाचे कौतुक होते, व्हावेच. पण मला राहून राहून घरच्यांचे वाटते. घर गेलेले, माणसे गेलेली, आणि उरलेले लेकरू कालपर्यंत अनोळखी असलेल्या माणसांबरोबर गाडीत बसवायचे! माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. मी पाठवला असता का? अजून सांगता येत नाही.

पैसा पुष्कळ आला, जागतिक बँकेचे कर्जही आले. ५२ गावे नव्या जागी वसली. बाकीच्या गावांत मात्र घरदुरुस्तीची मदत हप्त्याने मिळायची आणि काम मालकाने स्वतः करून घ्यायचे. सरकारी कागद कुणाला कळणार? म्हणून गावोगाव तिथल्याच बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यांच्या पाठीशी होती. हप्ता कशासाठी, भिंत कशी बांधायची, हे त्या दारोदार जाऊन सांगत. साहेबापुढे गप्प राहणारी बाई शेजारणीला मात्र दहा प्रश्न विचारते!

बी.कॉम.ला आम्हाला ‘ख्याती’ शिकवली होती. हाताला लागत नाही, तरी ताळेबंदात मालमत्ता म्हणून धरतात. तेव्हा परीक्षेपुरती पाठ केली. किल्लारीच्या हिशेबात कर्जाची रक्कम लिहिलेली असेल, या बायकांवरचा गावाचा विश्वास कुठल्या बाजूला मांडला असेल?

२६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरले. तेव्हा लातूरकडच्या बायका तिकडे गेल्या, आणि घर पुन्हा कसे उभे करायचे ते कच्छच्या बायकांशेजारी बसून बोलल्या.