धुऱ्यावरची आफ्रिकन पाहुणी : झाडीपट्टीतील अंबाडीचा इतिहास

चंद्रपूर आणि गडचिरोली म्हटले की डोळ्यांसमोर साग, बांबू, मोह आणि ताडोबाचा वाघ उभा राहतो. या जंगलांचा इतिहासही बहुधा याच चौघांभोवती लिहिला गेला. घरामागच्या वाडीत आणि धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर पावसाळाभर उभे असणारे, माणसाच्या उंचीहून वर जाणारे एक झुडूप मात्र या इतिहासातून सुटले. त्याची पाने आंबट, फूल फिकट पिवळे आणि फुलाच्या तळाशी गर्द तांबडा डाग. ही अंबाडी. विदर्भाच्या ताटात ती इतकी मुरलेली आहे की तिचे मूळ घर आफ्रिकेत आहे, यावर चटकन विश्वास बसत नाही. हा धागा तिच्याविषयी.

आरंभीच एक घोटाळा दूर करायला हवा. मराठीत ‘अंबाडी’ हे एकच नाव दोन सख्ख्या बहिणींना मिळाले आहे. पहिली साधी अंबाडी, हिबिस्कस कॅनाबिनस. तिच्या खोडावर बारीक काटे असतात, पाने बोटांसारखी फाटलेली असतात आणि तिच्या सालीतून वाख निघतो. दुसरी लाल अंबाडी, हिबिस्कस सबदरिफा. तिच्या फुलाच्या तळाचे मांसल, रक्तवर्णी कवच लोक ‘अंबाडीची फुले’ म्हणून चटणीला, सरबताला वापरतात. वास्तविक ते फूल नव्हे, फुलाखालचे कवच आहे. पण बाजार वनस्पतिशास्त्र विचारत बसत नाही. जास्वंद, भेंडी आणि कापूस हे या दोघींचे जवळचे नातलग. लिनियसने १७५३ साली लाल अंबाडीला शास्त्रीय नाव दिले आणि काही वर्षांनी साध्या अंबाडीलाही दिले. जुन्या कागदांत नुसते ‘अंबाडी’ किंवा ‘अंबारी’ लिहिलेले असले, तर कोणती बहीण अभिप्रेत आहे हे ठरवताना अभ्यासकांची आजही दमछाक होते.

मग ती आफ्रिकेची कशावरून? जुन्या ग्रंथांतून लाल अंबाडीचे मूळ भारत ते मलाया या पट्ट्यात सांगितले जात असे. चित्र पालटले ते विसाव्या शतकाच्या मध्यास. १९६०च्या दशकात विल्सन आणि मेंझेल या अभ्यासकांनी या कुळातील रानटी व लागवडीच्या वनस्पतींचा ताळा घातला. साध्या अंबाडीत ३६ गुणसूत्रे, लाल अंबाडीत ७२. म्हणजे लाल अंबाडीच्या पेशीत दोन पूर्वजांचा वारसा एकत्र आला आहे. या पूर्वजांच्या जवळची रानटी झुडपे सापडतात ती आफ्रिकेत. भारतात अंबाडीचे पीक आहे, पण तिचे असे रानटी गोत नाही. ज्या भूमीत एखाद्या पिकाचे रानटी भाऊबंद नांदतात, तिथेच त्याचे माहेर शोधावे, हा साधा नियम येथे उपयोगी पडला.

ती येथे कधी आली, हा खरा अवघड प्रश्न. तारीख सांगणारा कागद नाही. मात्र ती एकटीच आलेली नाही. ज्वारी आणि बाजरी ही दोन्ही धान्ये आफ्रिकेची. पश्चिम भारतातील उत्खननांत त्यांचे दाणे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकापासून मिळू लागतात. गडचिरोलीत जिच्या आंबिलीवर उन्हाळा निघतो ती मडिया, म्हणजे नाचणी, तीही मुळात आफ्रिकेच्या पूर्वेकडील डोंगरांतली. तिच्या भारतातील काही प्राचीन नोंदी पुढे संशयास्पद ठरल्या, ही गोष्ट वेगळी. म्हणजे आफ्रिका आणि भारत यांच्यात बियाण्यांची ये-जा तीन-साडेतीन हजार वर्षांची आहे. अंबाडीचा प्रवास या रांगेत कुठे बसतो, हे मात्र दाण्यांवरून ठरत नाही.

येथे भाषेची साक्ष काढता येते. पपई, अननस, काजू ही पिके पोर्तुगीजांबरोबर आली आणि आपली परकी नावे घेऊनच मराठीत शिरली. अंबाडीला असे परके नाव नाही. मराठी नावातच आंबटपणा ऐकू येतो. कोरचीच्या बाजूने छत्तीसगडात शिरले की ती ‘अमारी’ होते. दक्षिणेला प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ सिरोंचा तालुक्यात तेलुगू बोलणाऱ्या घरांत ती ‘गोंगूर’ असते. कानडीत ती ‘पुंडी’, बंगालीत ‘मेस्टा’. एका जिल्ह्याच्या दोन टोकांना तीन भाषांतली तीन नावे, आणि तिन्ही घरची! यावरून ती फार पूर्वी, हळूहळू, हातोहात पसरली असावी असे वाटते. पण नुसत्या नावावर फार भिस्त ठेवू नये. मिरची अमेरिकेहून येऊन अवघी पाच शतके झाली, तरी तिने मिऱ्याचे जुने नाव सहज पांघरले.

अंबाडी कागदावर ठळकपणे उमटते ती इंग्रजांच्या काळात, आणि तीही भाजी म्हणून नव्हे, दोरखंड म्हणून. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि चांदा कंपनीच्या ताब्यात गेला. त्याच वर्षी ब्रिटन रशियाविरुद्ध क्रिमियाच्या युद्धात उतरले. इंग्रजी जहाजांचे दोर रशियन तागाचे असत. तोच पुरवठा धोक्यात आला. १८५५ साली जॉन फोर्ब्स रॉयल यांचा भारतातील तंतुवनस्पतींवरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, त्यामागे हीच निकड होती. त्यात दख्खनच्या अंबाडीला स्थान मिळाले. पुढे व्यापारात तिला ‘डेक्कन हेम्प’, ‘अंबारी हेम्प’ अशी नावे चिकटली. आंध्रच्या किनाऱ्यावरील भीमुनिपट्टणम बंदरातून जाणारा माल ‘बिमली ज्यूट’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने दोन्ही अंबाड्यांचे नमुने लावले, त्यांचे वाण वेगळे केले आणि १९११ साली नव्या प्रकारांचे वर्णन प्रसिद्ध केले. अल्बर्ट हॉवर्ड आज ओळखले जातात ते इंदूर पद्धतीच्या कंपोस्ट खतासाठी. त्यांच्या कारकिर्दीतले अंबाडीचे हे पान फारसे कोणी उलटत नाही.

यानंतरचा झटका फाळणीचा. १९४७ साली ज्यूटच्या गिरण्या हुगळीकाठी राहिल्या आणि ज्यूट पिकवणारी बहुतांश जमीन पूर्व पाकिस्तानात गेली. १९४९ साली भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, आणि दोन्ही देशांतला व्यापारच अडला. गिरण्यांना पर्यायी वाख हवा होता. मेस्टा या नावाने अंबाडीची लागवड वाढवण्यात आली. सरकारी आकडेवारीत आजही ‘ज्यूट आणि मेस्टा’ अशी जोडनोंद दिसते, तिचे मूळ या टंचाईत आहे.

झाडीपट्टीतील अंबाडी मात्र गिरणीसाठी नव्हतीच. ती बैलासाठी होती. कासरा, दावे, वेसण, विहिरीचा दोर, खाटेची वीण : शेतकऱ्याच्या घरचा हा सारा संसार वाखावर चाले. ज्वारी-कपाशीच्या तासांत किंवा धुऱ्यावर तिच्या ओळी टाकीत. फुलावर आली की झाडे कापायची, जुड्या बांधून बोडीत किंवा मामा तलावाच्या काठाशी दगडाखाली बुडवायच्या. दोनेक आठवड्यांत साल कुजून सुटी होते. ती ओरबाडून, आपटून, धुऊन वाळवायची आणि मग रिकाम्या वेळी पिळत बसायचे. कुजणाऱ्या जुड्यांचा दर्प दूरवर जाई आणि पाण्यातला प्राणवायू घटत असल्याने मासळीला ते मानवत नसे. एकाच तलावावर मासे धरणारे आणि वाख काढणारे दोघेही अवलंबून असले, की कुरबुरीला तेवढे कारण पुरेसे असते. धुऱ्यावरच्या या पिकावर वेगळा सारा सहसा बसत नसे, म्हणून महसुली दप्तरात त्याचा हिशेबही फारसा लागत नाही. ज्यावर कर नाही त्याचा इतिहास नाही, असे काहीसे अंबाडीचे झाले.

तिची निगा कशी राखायची, हे ती कशासाठी हवी यावर ठरते. वाखासाठी बी दाट पेरतात. गर्दीत झाड प्रकाशाकडे सरळ धावते, फांद्या फुटत नाहीत आणि धागा लांब मिळतो. भाजीसाठी कोवळे शेंडे वरचेवर खुडतात. लाल फुलांसाठी मात्र एकेका झाडाला हात-दीड हात नव्हे, चांगले तीन फूट अंतर द्यावे लागते आणि गुडघ्याएवढे झाल्यावर शेंडा मोडावा लागतो, तेव्हा ते झुडपासारखे पसरते. शेणखत बेताने, नत्र फार झाले की पानेच पाने येतात, फुले रुसतात. मुळाशी पाणी साचले की बुंधा सडतो. धानाच्या बांधीत न लावता धुऱ्यावर लावण्याची जुनी रीत किती नेमकी होती, हे यावरून कळते. कपाशीवरचे तांबडे ढेकूण तिच्याही बोंडांवर येतात, तेव्हा भेंडी-कपाशीच्या अगदी शेजारी तिला बसवू नये.

आणि एक गोष्ट ती कधीच विसरत नाही : दिवसाची लांबी. मृगात पेरा की आषाढात, दिवस आखूड होऊ लागेपर्यंत ती फुलत नाही. लवकर पेरलेली नुसती उंच वाढत जाते. हिवाळ्यात पेरलेली वीतभर असतानाच फुलून जाते. फूल एका दिवसाचे. ते गळाल्यावर साधारण तीन आठवड्यांत लाल कवच तोडायला येते, आतले बोंड कडक होण्याआधी. ही सारी वेळ दिवाळीच्या मागेपुढे येते. म्हणून तोडणी आणि धानाची कापणी एकमेकींच्या अंगावर पडतात, आणि मजूर धानाकडे जातात.

नायलॉनचा दोर बाजारात आला, पुढे ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले. वाखाची काटेरी अंबाडी धुऱ्यावरून झपाट्याने उठली. तणनाशकाच्या फवाऱ्याने उरलीसुरली गेली. पिळण्याचे कौशल्य हातात असणारी माणसे आता वयस्क आहेत. लाल बहिणीचे दैव निराळे निघाले. सुदान-इजिप्तमध्ये तिच्या पेयाला ‘करकदे’ म्हणतात, सेनेगलमध्ये ‘बिसाप’. जमैकात ती १७०७ पर्यंत पोहोचली होती. तिचे बी गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकनांबरोबर गेले असे मानले जाते, आणि तिथे ती ‘सॉरेल’ या नावाने नाताळचे पेय झाली. तीच वाळलेली लाल कवचे आज शहरांतील दुकानांत ‘हिबिस्कस टी’ म्हणून चकचकीत डब्यांत मिळतात. डब्यावर अंबाडी हा शब्द क्वचितच असतो.

झाडीपट्टीत तिला अजून डब्याची गरज पडत नाही. पाने उकडून, आंबट पाणी थोडे काढून टाकून, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या घालून घोटतात, वर लसणाची फोडणी. सोबत ज्वारीची भाकर. ताटातली ज्वारीही आफ्रिकेची आणि भाजीही.

फुले तोडताना प्रत्येक ओळीतली दोन-चार धडधाकट झाडे न तोडता ठेवली जातात. त्यांची बोंडे झाडावरच वाळून तडकू लागली की बी झाडून, उन्ह दाखवून, पुढच्या मृगापर्यंत कोरड्या मडक्यात ठेवायचे. ओल लागली तर ते उगवत नाही.