खानदेशातील दोन निसर्गकवी

त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० साली धरणगावी झाला. १९०७ मध्ये जळगावी भरलेल्या कविसंमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यांस ‘बालकवी’ ही उपाधी दिली. कीर्तिकर स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होते, हा योगायोग मौजेचा खरा. तथापि बालकवींच्या निर्झरावरून, फुलराणीवरून वा श्रावणावरून त्यांचा मुलूख ओळखता येत नाही. भाषा ग्रंथिक, आणि निसर्ग पाहणाऱ्याचा.

असोदे हे गावही याच जिल्ह्यातले. तेथे १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. मोट, पेरणी, कापणी, सुगरणीचा खोपा हे त्यांचे विषय; त्यांचा निसर्ग राबणाऱ्याचा आहे. चतुर्थीचा ‘-ले’ प्रत्यय किंवा ‘डोळा’चा ‘डोया’ प्रमाणभाषेत आणला, की गाण्याची लय तर मोडतेच, शिवाय ते शिवारही हरवते. ‘निसर्गकवी’ हे बिरुद मात्र वाङ्मयेतिहासात बालकवींकडे गेले. फुरसतीने न्याहाळलेली सृष्टी तेवढी निसर्गकाव्याचा विषय, हा संकेत त्यामागे असावा; तो तपासून पाहण्याजोगा आहे.

५ मे १९१८ रोजी भादली स्थानकानजीक रेल्वेखाली सापडून बालकवींचा अंत झाला. तेथून असोदे फार दूर नाही. बहिणाबाई तेव्हा ३७ वर्षांच्या होत्या; त्यांची गाणी ग्रंथरूपाने निघाली ती १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर.