व्रण, वण आणि उंचवटा : एका शब्दाचा वैद्यकीय इतिहास

संस्कृतात 'व्रण' म्हणजे जखम. प्राकृतात त्याचे 'वण' झाले आणि मराठीत त्याचा अर्थ सरकून जखम भरल्यावर मागे राहणारी खूण असा रूढ झाला. बुलढाणा जिल्ह्यातील वऱ्हाडी बोलीत 'ण'चा 'न' होत असल्याने तो 'वन' असा ऐकू यावा, हे ध्वनिनियमास धरूनच आहे. परंतु हा अर्थपालट केवळ भाषाभ्यासकाच्या कुतूहलाचा विषय नव्हे. प्रसूतीच्या अथवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटावर पुष्कळदा कठीण, खाजरा उंचवटा वाढतो. त्यालाही 'वण'च म्हणतात. आणि वण म्हणजे संपलेली गोष्ट, असे शब्दच सुचवीत असल्याने उपायाची वेळ टळून जाण्याचा संभव असतो.

सुश्रुतसंहितेत ही गल्लत नाही. तेथे जखमेस 'व्रण' व खुणेस 'व्रणवस्तु' अशी दोन नावे आहेत. गाठ, सूज व वेदना नसणे, त्वचेचा रंग येणे आणि पृष्ठभाग समतल होणे, ही नीट भरलेल्या व्रणाची लक्षणे सूत्रस्थानात सांगितली आहेत. चिकित्सास्थानातील ६० उपक्रमांत वर आलेले मांस खाली बसविणारे 'अवसादन' येते. सात मुख्य उपक्रमांतील शेवटचा 'वैकृतापह', म्हणजे विरूपता घालविणारा, होय. मात्र उदर चिरून मूल काढण्याचे निदानस्थानातील विधान माता मरण पावली असतानाचे आहे. तिच्या पोटावरील खुणेचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. तो उद्भवला माता वाचू लागल्यावर. १८८२ साली झेंगर याने गर्भाशय टाक्यांनी शिवण्याची पद्धत प्रस्थापित केली व १९०० साली फान्नेनश्टील याने ओटीपोटावरील आडव्या छेदाचे वर्णन केले. त्वचेच्या ताणरेषांस अनुसरणारा हा छेद उभ्या छेदापेक्षा सामान्यतः चांगला भरतो.

नामकरणाचा घोटाळा पाश्चात्त्य वैद्यकातही झाला. आलिबेर या फ्रेंच वैद्याने १८०६ साली या वाढीचे वर्णन करताना तिला कर्करोगसदृश ठरविणारे नाव दिले. पुढे ते सोडून खेकड्याच्या नांगीवाचक ग्रीक शब्दावरून 'केलॉइड' हे नाव घडविले. जखमेच्या सीमेत राहणारा उंचवटा आणि सीमा ओलांडून निरोगी त्वचेत पसरणारा केलॉइड, हा भेद आज मूलभूत मानला जातो. पहिला कालांतराने बसू शकतो. दुसरा सहसा आपोआप बसत नाही, आणि नुसता कापून टाकल्यास बहुधा पुन्हा वाढतो.

म्हणून प्रतिबंधाचे महत्त्व अधिक. टाक्यांवर ताण न येणे, जंतुसंसर्ग टाळणे, जखम पूर्ण मिटल्यावर काही महिने सिलिकोनची पट्टी वा लेप वापरणे, आणि वाढ दिसू लागताच वैद्याच्या सल्ल्याने स्टेरॉइडची सुई त्या वाढीतच देणे, हे आजचे मान्य उपाय होत. पूर्वी अशी वाढ झालेल्या स्त्रीने पुढील शस्त्रक्रियेपूर्वी तसे सांगणेही अगत्याचे आहे.

पण सांगावयास शब्द हवा. १८८५ साली स्थापन झालेल्या लेडी डफरीन निधीचे नाव अमरावतीच्या स्त्री-रुग्णालयास लोकांनी 'डफरीन' म्हणून सहज चिकटविले. अर्थात वऱ्हाडास नवा शब्द पचविणे अवघड नाही. पहिल्या प्रकारास 'उंच वण' व दुसऱ्यास 'पसरता वण' म्हणावे, असे सुचवावेसे वाटते. या दोन विशेषणांनी वण ही संपलेली गोष्ट नव्हे, एवढे तरी रुग्णेच्या ध्यानी येईल.