लाल तारा आणि सुभेदार निकम

सुभेदार नारायणराव निकम हे नाव महाराष्ट्रात फारसे कुणी ऐकलेले नाही. १९४४ साली सोव्हिएत रशियाने ज्या भारतीय सैनिकांना ‘ऑर्डर ऑफ द रेड स्टार’ देऊन गौरवले, त्यांत ते एक. दुसरे नाव आजच्या उत्तराखंडातील हवालदार गजेंद्रसिंह यांचे. दोघेही रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे. म्हणजे लढणाऱ्या पलटणीचे नव्हेत, रसद पोचवणाऱ्या खात्याचे.

२४ जून २०२० रोजी मॉस्कोच्या लाल चौकात विजयाच्या पंचाहत्तरीचे संचलन झाले. त्यात आपल्या तिन्ही दलांचे पथकही चालले. त्या सुमारास या दोघांविषयीच्या बातम्या आपल्याकडे छापून आल्या. त्यांत आपला सुभेदार ‘तमिळनाडूचा निक्कम’ झाला होता. इंग्रजी स्पेलिंगमधला जादा ‘क’ जसाच्या तसा उतरला, इतकेच. शहाजीराजांना १६३८ नंतर बंगळूरची जहागीर मिळाली, व्यंकोजीराजांनी पुढे तंजावर घेतले. त्या काळापासून दक्षिणेत गेलेली मराठी घराणी तिथेच रुजली. त्यांची बोली आपल्याला ऐकायला वेगळी वाटते, पण नावापुढचा ‘राव’ आणि ‘निकम’ हे आडनाव ओळखायला पुरावा कशाला हवा?

आता कामाविषयी. २५ ऑगस्ट १९४१ रोजी ब्रिटिश आणि रशियन फौजा इराणात शिरल्या. हेतू दोन : तेल हाती ठेवणे आणि हिटलरशी झुंजणाऱ्या रशियाला दक्षिणेकडून माल पोचवणे. आखाताच्या बंदरांतून निघणारी इराणची रेल्वे १९३८ मध्येच पुरी झाली होती. पण एकेरी रूळ, शेकडो बोगदे, इंजिने अपुरी. म्हणून रस्त्यांवर भिस्त. एक वाट इराकातून खानकिन, केरमानशाह, हमदान, कझवीन अशी. तिच्यावर असदाबादसारख्या सात हजार फुटांहून उंच खिंडी, हिवाळ्यात बर्फाने भरलेल्या. दुसरी थेट हिंदुस्थानातून : क्वेट्याहून नोककुंडी, झाहेदान आणि पुढे वाळवंटाच्या कडेने मशहद. खाली बसऱ्याला उन्हाळ्यात गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नसे, वर इंजिनातले पाणी गोठत असे. टायर, स्प्रिंगा आणि माणसे, सगळेच झिजत होते.

सुभेदार म्हणजे स्वतः चाक धरणारा नव्हे. गाड्यांचा ताफा वेळेवर निघणे, घाटात बंद पडलेली गाडी बाजूला घेणे, माल चोरीला न जाणे, दमलेल्या ड्रायव्हरला झोपू न देणे, हे त्याचे काम. या इराणी वाटेने युद्धकाळात चाळीस लाख टनांहून अधिक माल रशियाला गेला. त्यातला मोठा वाटा १९४३ नंतर, अमेरिकनांनी बंदरे आणि रेल्वे हाती घेतल्यावरचा, हेही सांगितले पाहिजे. पण त्याआधीच्या ओढाताणीच्या काळात हिंदी गाड्यांवाचून भागत नव्हते. आणि इराणी माणसाने याची किंमत मोजली. वाहने युद्धाकडे वळल्याने धान्य हलेना. डिसेंबर १९४२ मध्ये तेहरानात पावासाठी दंगल उसळली.

यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत मशीनगनच्या मोर्च्यावर एकट्याने झडप घातली. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि माणगावला त्यांचा पुतळा आहे. ते योग्यच. अशा शौर्याला एक दिवस असतो, एक जागा असते. रसदवाल्याला तसा दिवस नसतो. आमच्या गडचिरोलीत पर्लकोटेला पूर येऊन भामरागड तुटते, तेव्हा चार दिवसांनी पोचलेल्या तांदळाच्या ट्रकचे मोल तिथल्या माणसाला विचारावे. ट्रकवाल्याचे नाव मात्र कुणी लिहून ठेवत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आमच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरने इंग्रजी सत्ता झुगारली. गोळीबार झाला, सरकारी माणसे मारली गेली, मग लष्कर गावात आले आणि बायाबापड्यांवर अत्याचार झाले. त्यांच्या चौकशीसाठी भन्साळींनी त्रेसष्ट दिवस उपवास केला. चिमूर पेटल्यावर आठवड्याभरात, २३ ऑगस्टला, जर्मन विमानांनी स्टालिनग्राड भाजून काढले. चिमूरवर चालून आलेली सत्ता आणि निकमांना पगार देणारी सत्ता एकच. त्या सत्तेच्या गाड्यांतून गेलेला माल मात्र स्टालिनग्राडच्या बाजूने लढणाऱ्यांसाठी होता. देशभक्त की भाडोत्री, या दोन खणांत निकम बसत नाहीत, म्हणून त्यांना वगळणे मला पटत नाही. चिमूरचे हुतात्मे आणि इराणच्या घाटातला हा सुभेदार यांची नोंद एकाच वहीत व्हावी. त्या वहीत ‘निकम’ एकाच ‘क’ने लिहायला तरी कुणाची परवानगी लागणार नाही.